दोघांनाही न येणारी सायकल

मास्तरांनी चौतीस वर्षं लोकांना मोटार शिकवली. गावातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. निवृत्त झाल्यावर मात्र शिकवायला कुणी उरलं नाही, आणि ते स्वयंपाकघरात उभे राहून बायकोला कढईतला डाव कुठून वळवायचा ते सांगू लागले. चौथ्या दिवशी बायकोने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. वसतिगृहातल्या मुलामुलींशी मैत्री करायला एका संस्थेला मोठी माणसं हवी होती.

"जा, मैत्री करा," ती म्हणाली. "माझ्याशी केलीत तेवढी पुरे झाली."

संस्थेच्या बाईंनी समजावून सांगितलं. दर शनिवारी दोन तास भेटायचं. शिकवणी घ्यायची नाही, चौकशा करायच्या नाहीत, नुसती सोबत. मास्तर म्हणाले, "हा तर डाव्या हातचा मळ."

त्यांच्या वाट्याला आली ती पंधरा वर्षांची. आई लहानपणीच गेली, बापाने तोंड दाखवलं नाही. दोन मावश्या आणि एका आत्याकडे फिरून पोर शेवटी वसतिगृहात पोचली होती. काडीसारखी बारीक आणि बोललीच तर टोचणारी, म्हणून सगळ्या मुली तिला टाचणी म्हणत. दोन महिन्यांपूर्वी तिने शाळा सोडली होती. का, तर "आवडत नाही." त्यापुढे कुणाला एक अक्षर मिळालं नव्हतं.

पहिले दोन शनिवार वाचनालयाच्या कॅन्टीनमध्ये गेले. मास्तरांनी घरून चौदा प्रश्न कागदावर लिहून आणले होते. आवडता रंग, आवडता विषय, मोठेपणी काय व्हायचं. टाचणी चहात बिस्कीट बुडवत "हं" म्हणायची. दुसऱ्या शनिवारी तिने एकच पूर्ण वाक्य उच्चारलं.

"काका, मला नोकरीवर घेताय का?"

तिसऱ्या शनिवारी प्रश्न संपले. घाम पुसत मास्तर बोलून गेले, "नदीकाठी भाड्याने सायकली मिळतात म्हणे. जायचं?" पोरगी नाही म्हणेल याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. कारण गोष्ट अशी, की मास्तरांना सायकल येत नव्हती. हे गावात फक्त बायकोला माहीत होतं.

टाचणीने त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. "चला," ती म्हणाली.

सायकलवाल्याने दोन सायकली काढून दिल्या. मास्तरांनी घंटी वाजवून पाहिली. ब्रेक दाबून पाहिले. चाकांतली हवा तपासली, मग पुन्हा एकदा तपासली.

"हो पुढे," ते म्हणाले.

"तुम्ही मोठे. आधी तुम्ही."

"मुलींना आधी मान द्यावा."

"मला घाई नाही."

असं करत करत दोघं सायकली हातात धरून पुलापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. सायकलवाला दारात उभा राहून मजा बघत होता. "काका, सायकल चालवायला नेलीत की तिला हवापालट करायला?"

टाचणीचा चेहरा लाल झाला. तिने सायकल भिंतीला टेकवली. "मला येत नाही," ती पुटपुटली. मग बांध फुटावा तशी बोलत सुटली. शाळा लांब होती. वसतिगृहाने सगळ्या मुलींना सायकली दिल्या होत्या. ही चालत जायची, रोज उशीर व्हायचा, रोज वर्गाबाहेर उभी राहायची. "सायकल असून उशीर कसा, असं बाई विचारायच्या. काय सांगणार? सगळ्या हसल्या असत्या."

"लहानपणी नाही शिकलीस?"

"मागून सीट धरायला कुणीतरी लागतं ना, काका."

मास्तरांनीही आपली सायकल भिंतीला टेकवली आणि खरं सांगून टाकलं. "माझी धरली होती थोरल्या भावाने. उतारावर सोडून दिली. मी थेट शेणाच्या ढिगात. त्या दिवसापासून आजवर बसलो नाही."

टाचणीने आ वासला. "म्हणजे तुम्हालाही...?"

आणि ती हसली. अशी हसली, की शेवटी पोट धरून फुटपाथवरच बसली.

त्यानंतर दर शनिवारी शिकवणी सुरू झाली, आणि कोण कुणाचा मास्तर हे सांगणं कठीण होतं. मास्तर सीट धरून धापा टाकत धावायचे, "क्लच सोड, क्लच सोड!" असं ओरडायचे. मग पाळी बदलायची. सत्तर किलोचे मास्तर आणि मागे ती काडी. सायकलवाला कधी मध्ये पडला तर मास्तरांच्या खाली सापडायचा.

पाचव्या आठवड्यात संस्थेच्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. टाचणीच्या कोपरावर पट्टी, मास्तरांच्या कपाळावर टेंगूळ. बाईंनी दार लावलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगा, तुमच्यात मारामारी होते का?"

"होते," टाचणी म्हणाली. "पण झुडपांशी."

सहाव्या शनिवारी टाचणी एकटी पुलापर्यंत गेली आणि न पडता परत आली. सोमवारी ती शाळेत गेली, घंटा व्हायच्या आधी. संस्थेच्या बाईंनी फोन करून मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते अंघोळीला निघाले होते. खांद्यावर टॉवेल टाकून त्यांनी बायकोला तीनदा तेच ऐकवलं.

मग एका शनिवारी टाचणीचा फोन आला. "काका, आज नाही जमणार. वर्गातल्या मैत्रिणी फिरायला चालल्यात, सायकलने."

"जा, जा," मास्तर म्हणाले. फोन ठेवून ते खिडकीशी बसून राहिले. बायकोने चहा पुढे केला. "आनंद झालाय की वाईट वाटतंय?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले. "मेलीला एवढ्या लवकर शिकायची काय गरज होती?"

पुढच्या शनिवारी मात्र ती वेळेआधी हजर. दोघं नदीकाठाने निघाली, ती पुढे, मास्तर मागे, हँडल गच्च आवळून. गणिताच्या बाई, नवी मैत्रीण, डब्यांची अदलाबदल, तिची टकळी थांबेना. पुलाजवळ चढ लागला. मास्तरांचा श्वास फुलला. टाचणी उतरली.

"चालत जाऊ या, काका. तशी घाई नाही."

दोघं सायकली ढकलत चढू लागली. निम्म्यावर तिने विचारलं, "काका, तुमच्या थोरल्या भावाला तुम्ही मग माफ केलंत का?" आणि मास्तर ती सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागले.