आईच्या गुडघ्यांचा हिशेब

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला दोन लाख चाळीस हजार लागणार होते. ते कसे जमवायचे हे ठरवायला थोरल्याने रविवारी दुपारी दोघा धाकट्या भावंडांना आईकडे बोलावून घेतलं.

थोरल्याचं फरशांचं दुकान होतं. तो आला तोच तीन रंगीत कागद घेऊन. लॅमिनेट केलेले! पडदे शिवून पोट भरणाऱ्या मधल्या बहिणीने तो चकचकीत कागद बोटाने नुसता सरकवला. आईच्या दुखण्याला प्लॅस्टिकचं आवरण घालायची अक्कल याचीच, असं तिच्या मनात आलं.

"शिस्त पाहिजे, शिस्त," थोरला म्हणाला. "महिन्याला प्रत्येकी दोन हजार. सात टक्के व्याज धरलंय. छत्तीस महिन्यांत रक्कम तयार. कुणाला जड नाही, कुणाची कुरकुर नाही."

धाकटा बस चालवायचा. कागद बघून तो खूश झाला. "दोन हजार काय, सहज जमतील."

"डॉक्टर काय म्हणाले होते?" मधलीने विचारलं.

"ते काय, घाबरवतातच."

"वर्षाच्या आत करा म्हणाले होते. दादा, तू आधी तुला सोसेल तो आकडा धरलास आणि मग त्याला महिने जोडत बसलास. छत्तीस महिन्यांनी आई पलंगावरून उठली तर नशीब!"

"तू पडदे शीव. हिशेब तुझं काम नव्हे."

ती हसली. पडद्याचं कापड वीतभर कमी पडलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. या उंटावरच्या शहाण्याला आयुष्यात असं कुणी काही फेकून मारलं नव्हतं, तेच चुकलं होतं. तिने लॅमिनेट केलेला कागद पालथा घातला, पण त्यावर पेन चालेना. मग औषधाच्या रिकाम्या पाकिटावर तिने लिहिलं: आठ महिने. महिन्याला तीस हजार.

"तीस हजार!" धाकट्याने पाकीट ओढून आकडा पुन्हा वाचला.

"माझे सहा. तुझे सहा, जादा पाळ्या कर. राहिले अठरा." तिने थोरल्याकडे पाहिलं. "आईच्या घराचा खालचा मजला तुझ्या फरशांनी अकरा वर्षं भरलाय. शेजारच्या तेवढ्याच गोदामाचं भाडं अठरा हजार आहे. काल विचारून आले."

थोरल्याचं तोंड लालबुंद झालं. "आईला भाडं द्यायचं? रक्ताच्या नात्यात? लाज वाटत नाही?"

"वाटते ना. तुझ्याऐवजी मलाच वाटते."

आतल्या खोलीतून आई भिंतीला धरत, एकेक पाऊल ओढत दारापर्यंत आली. तेवढ्या चार पावलांत तिच्या कपाळावर घाम आला होता. बसायला खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"अकरा वर्षं मी वाट बघितली, की हा एकदा तरी आपणहून विचारेल," ती म्हणाली. "भाडं दे बाबा. नाहीतर फरशा उचल."

थोरल्याने आपले कागद गोळा केले. दारात वळून म्हणाला, "या घरात चांगल्याची किंमत नाही."

"आहे की," मधली म्हणाली. "महिन्याला अठरा हजार."

पहिल्या महिन्यात त्याने टाळाटाळ केली. मधलीने दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभं राहून भाडं मागितलं, तसा त्याने निमूटपणे गल्ला उघडला. त्यानंतर एक तारीख कधी चुकली नाही. धाकटा जादा पाळ्यांनी डोळे लाल करून यायचा, पण सहा हजार टेबलावर ठेवायचा. नवव्या महिन्यात ऑपरेशन झालं.

दवाखान्यात भेटायला आलेल्या नातेवाइकांना थोरला सांगत होता, "पैशाचं नियोजन लागतं हो. मी सगळ्यांना आधीच बसवून आकडे मांडले." नातेवाईक माना डोलवत होते. धाकटा उसळून उठणार, तेवढ्यात मधलीने त्याचा दंड धरला.

"राहू दे. त्याला आणखी काय येतं?"

तिने आईला वॉकर दिला आणि दोघी व्हरांड्यात चालायला निघाल्या.