वाल्मिकभाऊ सभेत काय बोलले

दोन हजार चार सालच्या श्रावणात स्नेहलला कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. घरात सासू रंभाशिवाय कोणी नव्हतं. स्नेहलचा नवरा शेखर पहाटेच आटगाव स्टेशन गाठून कल्याणला कामावर गेला होता आणि सासरा तण काढायला, बेणणीला, शेतावर. बोरपाडा गावात उपकेंद्राची पक्की इमारत होती, बाहेर पाटी होती, आत बाळंतपणाचं टेबलसुद्धा होतं. नर्सबाई मात्र दोन वर्षांपूर्वी बदलून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. उपकेंद्राच्या पडवीत शेळ्या बसायच्या.

रंभा धावतच वाल्मिकच्या घरी गेली. वाल्मिक बोरपाड्याच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून गेलेला. त्याच्याकडे जीप होती. तो जेवायला बसायच्या बेतात होता. तसाच उठला. ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून गाडी त्यानेच काढली. शहापूरच्या वाटेवर, शेणव्याच्या अलीकडे स्नेहल ओरडायला लागली आणि आता पुढे नेण्यात अर्थ नाही हे रंभाला कळलं. वाल्मिकने जीप बाजूला घेतली. समोरून येणारी एसटी त्याने रस्त्यात आडवा उभा राहून थांबवली आणि विचारलं, "जाणती बाई कोणी हाय का गाडीत?"

एक म्हातारी उतरली. तिने आणि रंभाने मिळून स्नेहलला मोकळं केलं. मुलगी झाली. तोवर वाल्मिक पाठ करून पावसात उभा होता. एसटीतली माणसंही गपचूप बसून होती, कोणी उशीर होतो म्हणून कुरकुरलं नाही. नंतर त्याने दोघींना शहापूरच्या दवाखान्यात पोचवलं आणि बेड मिळेपर्यंत तिथेच थांबला.

पुढची दोन वर्षं रंभासमोर वाल्मिकविरुद्ध बोलायची कोणाची टाप नव्हती. रस्त्यावर खडी पडेना, दिवे लागेनात, कोणी काही म्हणालं की रंभा एसटी थांबवल्याची गोष्ट सांगायला सुरुवात करी.

मग दोन हजार सहाच्या मे महिन्यात शेजारच्या हौसाची लेक भिमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. हौसा वाल्मिकच्या घरी गेली. त्याची बायको म्हणाली, ते मुरबाडला लग्नाला गेलेत, जीप घेऊन. लग्नसराईचे दिवस, गावातला दुसरा टेम्पोही वऱ्हाड घेऊन गेलेला. भिमीला बैलगाडीत घालून शेणव्यापर्यंत आणली, तिथून एका दुधाच्या गाडीने शहापूरला. भिमी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

रंभा रोज हौसाकडे जाऊन बसायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धीर द्यायला म्हणून ती बोलून गेली, "वाल्मिकभाऊ गावात असते ना, तर असं झालं नसतं."

हौसा भिंतीला टेकून बसली होती. ती सरळ झाली.

"तुझ्या येळेला तो गावात होता. माझ्या येळेला नव्हता. मंग आमच्या पोरींनी काय त्याचा टाइम बघून बाळंत व्हायचं का गो?"

रंभा उठली. घरी येऊन ती भांडी घासायला बसली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. इतके दिवस ती जीपबद्दल बोलत होती. नर्सबाईबद्दल कोणी काही केलं का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

गावात बायकांचा बचत गट होता. गटाची सचिव वैष्णवी बारावी शिकलेली, लग्न होऊन बोरपाड्यात आलेली. तालुक्याला एका प्रशिक्षणात तिने नुकतंच ऐकलं होतं की आता माहिती मागायचा कायदा झालाय, साध्या कागदावर अर्ज करता येतो. रंभाने तिला विचारलं, "जिल्ह्याच्या सभेत वाल्मिकभाऊ काय बोलतात, ते लिवून ठेवत असतील का गो?"

"ठेवतात तर. इतिवृत्त म्हणतात त्याला."

"ते आपल्याला मिळंल?"

"अर्ज केला तर मिळायला पायजे. कोणाच्या नावानं करायचा पण?" वैष्णवीने जरा आवाज खाली केला. तिचा दीर वाल्मिकबरोबर फिरायचा.

"माझ्या नावानं कर."

घरी हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त राग स्नेहलला आला. मुलगी तिच्या मांडीवर होती.

"आई, तो माणूस नसता तर ही नसती. मी पण नसते. आणि तुमी त्यांच्यावर अर्ज करता?"

"त्यांच्यावर नाय गो. त्यांनी तिथं आपल्यासाठी काय केलं, ते विचारलं."

"लोक काय म्हणतील?"

"भिमीला जाऊन विचार काय म्हणते ती."

स्नेहल मुलीला घेऊन आत गेली आणि दोन दिवस सासूशी कामापुरतंच बोलली.

कागद यायला भाताची लावणी उलटली. जाड पाकीट होतं. वैष्णवी आणि रंभा तीन दुपारी उपकेंद्राच्या पायरीवर बसून ते वाचत होत्या. वैष्णवी वाचायची, रंभा ऐकायची. साडेचार वर्षांत एकोणीस सभा झाल्या होत्या. सतरा सभांना वाल्मिक हजर होता. हे ऐकून रंभाला बरं वाटलं. एवढ्या लांब जाणं सोपं नव्हतं.

पण हजेरीच्या पुढे त्याचं नाव दोनच ठिकाणी सापडलं. एकदा कोणाच्या तरी अभिनंदनाच्या ठरावाला त्याने अनुमोदन दिलं होतं. दुसऱ्यांदा, दोन हजार चारच्या जानेवारीत, त्याने विचारलं होतं की बोरपाडा उपकेंद्रातलं परिचारिकेचं रिक्त पद कधी भरणार. खाली उत्तर होतं, पद भरण्याबाबत कार्यवाही सुरू आहे. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती. वैष्णवीने ती वाचली, "सदर उत्तरावर सन्माननीय सदस्यांनी समाधान व्यक्त केले."

"परत वाच."

वैष्णवीने परत वाचलं.

"जानेवारी म्हंजे," रंभा म्हणाली, "स्नेहलच्या आधी सात महिने."

"हो."

"आणि नंतर? स्नेहलच्या नंतर? भिमीच्या नंतर?"

वैष्णवीने शेवटच्या सभेपर्यंतची पानं पुन्हा चाळली. "नंतर काय नाय."

दसऱ्यानंतर वाल्मिक स्वतःच रंभाच्या घरी आला. फेब्रुवारीत निवडणूक होती. त्याला तिकीट मिळणार हे नक्की झालं होतं. शेणव्याला प्रचाराची सभा ठेवायची होती आणि तिथे रंभाने दोन शब्द बोलावेत अशी त्याची इच्छा होती. "जीपची गोष्ट सांगा, वैनी. तुमच्या तोंडून लोकांना पटंल." त्याला अर्जाबद्दल कळलेलं असणार, पण त्याने तो विषय काढला नाही.

स्नेहलने चहा आणून ठेवला आणि दारातच उभी राहिली.

रंभा म्हणाली, "भाऊ, एक विचारू? तुमचं समाधान कशानं झालं?"

"कसलं समाधान?"

"सभेत. नर्सबाईंचं विचारलंत तुमी. ते म्हणाले कार्यवाही चालू हाय. खाली लिवलंय, तुमी समाधान व्यक्त केलं."

वाल्मिकने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. मग तो जे बोलला ते रंभाला अपेक्षित नव्हतं.

"मी काय समाधान बिमाधान बोललो नव्हतो, वैनी. मी खाली बसलो, एवढंच. त्यांनी तसं लिवलं असंल." तो पुढे म्हणाला, "साठ-सत्तर माणसं असतात तिथं. माइकवर बोलायचं. मी नववी नापास. उभा राहिलो, विचारलं. सायेब कागद बघून धडाधड बोलले. त्यावर काय विचारायचं असतं, मला कुठं ठावकी? बसलो."

"नंतर?"

"नंतर गावात आलो की कोण लग्नाला बोलावतंय, कोण बाराव्याला, कोणाला दाखला पायजे, कोणाला जीप. नाय म्हणालो कधी? पाच वर्सांत एका माणसानं विचारलं नाय की सभेत काय बोललात. तुमी पयल्या."

"ती आमची पण चूक झाली," रंभा म्हणाली. "मी तर दोन वर्सं जीपचंच सांगत फिरले. पण भाऊ, बाई गावात असती तर जीप लागलीच नसती. मला पण नाय, आणि हौसाला पण नाय."

दारातून स्नेहल म्हणाली, "आई." तिचा आवाज रागाचा नव्हता, पण रंभा थांबली.

वाल्मिक उठला. "मंग सभेला येणार नाय तुमी."

"बोलवाल तर येईन. पण दोन्ही सांगीन. जीपचं सांगीन आणि सभेचं पण सांगीन."

"तसं नको मंग," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. चहा अर्धा तसाच होता.

आठ दिवसांनी तो वैष्णवीच्या घरी गेला. डिसेंबरात जिल्ह्याची सभा होती, निवडणुकीआधीची शेवटची. त्याने तिला सांगितलं, मला प्रश्न लिहून दे, आणि उत्तर आल्यावर परत काय विचारायचं तेही लिहून दे. वैष्णवी रंभाकडे आली. दोघींनी भिमीचं नाव, तारीख, गावापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर, वर्षभरात गावात आणि पाड्यांवर झालेली बाळंतपणं असं सगळं गोळा केलं. हौसाकडे गेल्यावर तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन तिने दवाखान्याचा कागद आणून दिला.

सभेत काय झालं ते वाल्मिकबरोबर गेलेल्या वैष्णवीच्या दिराने सांगितलं. वाल्मिकने कागद वाचला. पहिलं उत्तर आलं, कार्यवाही सुरू आहे. तो बसला नाही. त्याने विचारलं, कार्यवाही तीन वर्षांपूर्वी पण सुरू होती, ती कुठपर्यंत आली, तारीख सांगा. मग भिमीच्या बाळाचं सांगितलं. बोलता बोलता कागदावरची ओळ चुकली, तेव्हा तसाच तोंडी बोलला. बाजूचे दोन सदस्यही उठले, त्यांच्याकडेही अशाच जागा रिकाम्या होत्या. शेवटी असं ठरलं की शेजारच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई आठवड्यातून दोन दिवस बोरपाड्याला येतील, आणि कायमच्या जागेचा प्रस्ताव वर जाईल.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आल्या. गिरजाबाई नाव होतं त्यांचं. पहिल्याच दिवशी त्यांनी शेळ्या हाकलून पडवी धुऊन घेतली.

वाल्मिकने रंभाला पुन्हा निरोप पाठवला: या, आणि दोन्ही सांगा. शेणव्याच्या सभेत रंभा पाच मिनिटं बोलली. जीप, एसटी, म्हातारी, सगळं सांगितलं. मग सतरा सभा आणि दोन वेळा बोलणं, तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "डिसेंबरात भाऊ नीट बोलले. तसं पयल्यापासून बोलायला पायजे होतं. आता तुमचं तुमी ठरवा." टाळ्या फार पडल्या नाहीत. व्यासपीठावरच्या काही जणांनी एकमेकांकडे बघितलं. वाल्मिक मान खाली घालून ऐकत होता.

समोरच्या उमेदवाराने गावात चोवीस तास उभी राहील अशी गाडी देतो म्हणून सांगितलं होतं. लोकांना ते आवडलं. हौसाने त्याला मत दिलं आणि रंभाला तोंडावर सांगितलंही. "मला गाडी दिसते. कागद नाय दिसत." रंभाने मत वाल्मिकला दिलं. कोणी विचारलं तर ती म्हणायची, हा उशिरा का होईना बोलायला शिकला, दुसऱ्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल. स्नेहलने कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही.

वाल्मिक थोडक्या मतांनी पडला. रंभाच्या बोलण्याने पडला असं त्याच्या घरचे म्हणाले. त्याची बायको रंभाला रस्त्यात दिसली तरी बोलेनाशी झाली.

निकालानंतर चौथ्या दिवशी सकाळी वाल्मिक पायीच रंभाच्या अंगणात आला. ती पोत्यातलं भात उन्हात पसरत होती. तिला वाटलं, भांडायला आला असणार.

"बसा, भाऊ."

तो बसला नाही. खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला.

"कायमच्या नर्सबाईंचा प्रस्ताव वर गेलाय. हा त्याचा नंबर आणि तारीख. मार्चमध्ये नव्या सदस्यांची पयली सभा हाय. कोणी विचारलं नाय तर फाइल परत खाली जाईल." त्याने कागद तिच्या हातात दिला. "मी आता विचारू शकत नाय."

रंभाने कागद उघडून पाहिला. अक्षर त्याचंच होतं, मोठं आणि तिरपं.

"भाऊ, वैनींना सांगा, मी मत..."

"राहू द्या," वाल्मिक म्हणाला. "तुमी खोटं काय बोलला नाय."

तो गेल्यावर रंभाने हात धुतले आणि हौसाला हाक मारली. हौसा कुंपणापाशी आली. रंभाने कागद काय आहे ते सांगितलं.

"तुझा माणूस निवडून आलाय," रंभा म्हणाली. "तूच चल पुढं."

"मी काय बोलणार गो तिथं?"

"भिमीचं सांग. बाकी कागदावर हाय."

हौसाने पदर खांद्यावरून घेतला, दाराला कडी लावली. वैष्णवीला बरोबर घेऊन तिघी दहाच्या गाडीने नव्या सदस्याच्या गावी गेल्या. त्याच्या अंगणात मांडव अजून तसाच होता आणि हार घेऊन आलेल्यांची रांग दारापर्यंत होती. तिघी त्या रांगेत उभ्या राहिल्या. हौसा सगळ्यात पुढे होती.