मास्तरीणबाईंची शिकवणी

बाळंतिणींच्या वॉर्डात ती सिस्टर म्हणून लागली, तेव्हापासून बाळाला पाजायला शिकवणं हे खातं तिचंच. पाठीमागे सगळ्याजणी तिला मास्तरीणबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. अशा बाईला लेक झाली म्हटल्यावर अख्खा वॉर्ड हरखून गेला. तिला खिडकीजवळची खोली दिली, दोन उशा जास्त दिल्या, विश्रांती मिळावी म्हणून दार अलगद ओढून घेतलं. पाजण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मास्तरीणबाईंना आपण काय शिकवायचं! या मायेनंच घात केला.

लेक छातीला तोंड लावायची, जरा चोखायची आणि सुटून किंचाळायची. हिला सगळं तोंडपाठ: पोटाला पोट, मान सरळ, तोंड मोठं उघडू द्यायचं. पण आजवर ती समोर उभं राहून बघत आली होती. आता वरून तिला लेकीचा गाल तेवढा दिसायचा. सकाळी डॉक्टर म्हणाले, वजन जरा जास्तच उतरलंय, दुपारपर्यंत नीट प्यायली नाही तर वरचं दूध सुरू करू.

"अगं, हाक मार की कुणाला तरी," उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला मारू? सगळ्या माझ्याच हाताखाली शिकल्यात. हसतील मला."

"हसू देत. पोर उपाशी आहे."

तिने घंटी दाबली. परवापर्यंत तिची बोलणी खाणारी धाकटी सिस्टर धावत आली. "काय आणू, सिस्टर? चहा?"

"मला जमत नाहीये गं. मला शिकव," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

धाकटी गांगरली. मग हात धुऊन आली आणि स्टूल ओढून बसली. "आधी पाठ टेका. तुम्ही बाळाकडे वाकताय. बाळाला आपल्याकडे आणायचं. खांदे सोडा. दुखतंय?"

"हो."

"मग हळूच सोडवा, पुन्हा लावू. घाई नाहीये आपल्याला."

बऱ्याच खटपटीनंतर लेकीने मोठा आ केला आणि घट्ट धरलं. घोट घेतल्याचा बारीक आवाज येऊ लागला.

"आता रडू नका, आई," धाकटी म्हणाली.

वॉर्डातल्या प्रत्येक बाळंतिणीला सगळ्या सिस्टर आईच म्हणत. हिला मात्र तसं कुणी अजून म्हटलं नव्हतं. ती आणखीच रडली.