सुपार्तीबाईंची बैठक

सोलो शहरातल्या गामेलान वाद्यवृंदाच्या मंडळात सुपार्तीबाईंनी उभी हयात गाण्यात घालवली. चटईवर गुडघे दुमडून, टाचांवर ताठ बसायचं आणि गायचं, ही गायिकांची रीत. पण पुढे दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला. मग एका लग्नात मंडळवाल्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. सगळे खाली, या एकट्याच वर. कुणा पाहुण्यानं नवरीची मावशी समजून वाकून नमस्कारही केला!

घरी येऊन त्या कडाडल्या, "आता मी गाणार नाही!"

नवरा पार्जो त्याच मंडळात मांडी घालून, गजानं रबाब वाजवायचा. तो म्हणाला, "अगं, गाणं गळ्यातून येतं, गुडघ्यातून नाही."

"मग तुम्ही उभ्यानं वाजवून दाखवा!"

पार्जो त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर हेंदार्तोंनी विचारलं, "चालताना किती दुखतं?"

"चालण्याचं राहू द्या हो. खाली बसता येईल का, ते सांगा."

डॉक्टर हसले. "खोल वाकणारा कृत्रिम सांधा मिळतो. तुमचा गुडघा आजही बराच दुमडतो, म्हणून आशा आहे. पण मेहनत तुमची. शब्द मात्र देत नाही."

आधी उजवा गुडघा बदलला, काही महिन्यांनी डावा. व्यायामाच्या वेळी जीव नकोसा व्हायचा. मग पार्जो समोर रबाब घेऊन बसू लागला. सूर चालू असेपर्यंत सुपार्तीबाईंनी पाय दुमडून धरायचा, सूर थांबला की सोडायचा. एके दिवशी सूर संपता संपेना. सुपार्तीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं.

"लबाड म्हाताऱ्या! ओढतोयस होय मुद्दाम?"

"कालच्यापेक्षा जास्त वाकलाय बघ," पार्जो शांतपणे म्हणाला.

खरंच वाकला होता. शिव्या देता देता त्यांना हसू फुटलं.

पुढच्या हंगामात क्लातेनला सकाळचं लग्न होतं. नवऱ्याच्या खांद्याला धरून सुपार्तीबाई हळूहळू चटईवर उतरल्या. बैठक टाचांना पुरती टेकेना, म्हणून मधे छोटी उशी घेतली. पाठ ताठ झाली आणि आवाज असा लागला, की ढोलकवाल्यानं मान वळवून पाहिलं.

गाणी संपली, पानं वाढली. पार्जोनं हात पुढे केला, "चल, ऊठ. भात निवतोय."

"निवू दे. एवढ्या कष्टानं बसलेय," सुपार्तीबाई म्हणाल्या, "जरा बसू तर द्या!"