जावांचे दोन डेटाबेस

बुद्धिबळ मंडळाचा जुना संगणक बंद पडला आणि विकत घेतलेला डेटाबेसही त्याच्याबरोबर गेला. डाव तेवढे साध्या मजकुराच्या फाइलीत शाबूत राहिले. नवा डेटाबेस फुकटचा आणि खुला घ्यायचा, परवान्यासाठी पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, असं ठरलं. थोरली जाऊ या डावांची राखणदार. मंडळातला प्रत्येक डाव तिच्याच हातून संगणकात जायचा. तिनं एक प्रोग्राम निवडून ठेवला होता. पण नुकत्याच सभासद झालेल्या धाकट्या जावेनंही मंडळाचे डाव भरून एक आणला, आणि सगळे खुर्च्या ओढून धाकटीच्या पडद्याभोवती!

देवानं डोळे दोन दिले, पण मत्सर शिरला की दोन्ही शेजारच्या अंगणातच मुक्काम करतात. धाकटीची बोटं झरझर चालत होती, ते थोरलीला सलत होतं. मधेच थांबून ती "ताई, तुम्हाला दिसतंय ना?" असं विचारायची, ते तर जास्तच.

अध्यक्ष पेशानं दंतवैद्य. ते म्हणाले, "दोन्ही बरे दिसतात. जिचा घेऊ, तिनं पुढे सांभाळावा. म्हणजे भांडण नको."

भांडण नको म्हणे! हे काम गेलं तर मंडळात थोरली उरणार कोण? बहुतेक वेळा हरणारी एक बाई.

"आधी पारख तर करू," ती म्हणाली. "हिच्या प्रोग्रामला माझा एक डाव शोधू दे."

आयुष्यातला तिचा सगळ्यात देखणा डाव. सुरुवातीलाच वजीर देऊन तिनं मात केली होती. वजीर देण्याआधीची स्थिती तिनं पडद्यावर न चुकता मांडली, सोंगटी न् सोंगटी, आणि शोध चालवला. एकही डाव सापडला नाही.

"झालं! फुकट ते फुकटच!"

दंतवैद्य हसले. "वहिनी, दुखरा दात पडल्यासारखा चेहरा खुललाय की तुमचा!"

धाकटी वाकली. "ताई, खेळी कुणाची ते बदलायचं राहिलं. पांढऱ्याची ठेवलीत. वजीर तर काळ्यानं दिला होता."

"तुला गं काय ठाऊक?"

धाकटीनं खूण बदलली. थोरलीचा डाव वर आला, आणि त्याच्याखाली आणखी काही. सगळे धाकटीचे, तिच्या कचेरीतल्या सामन्यांतले, तिनंच भरून ठेवलेले.

"फाइलीत वाचून तुमचाच डाव खेळत होते," धाकटी पुटपुटली. "विचारायचा धीर नाही झाला."

चोरटी कुठली! थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात निकालांवर नजर गेली. धाकटी प्रत्येक डाव हरली होती. देव क्षमा करो, थोरलीला फार बरं वाटलं.

"वेडे, वजीर दिल्यावर लगेच शह द्यायचा नसतो. आधी उंट बाहेर काढायचा."

"मग शिकवा ना."

"शिकवीन. अध्यक्ष, प्रोग्राम हिचाच घ्या. शोध चांगला लागतो त्याला. पण डाव भरणार मीच. बिघडलं तर ही बघेल."

"चालेल," म्हणत धाकटी उठली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

थोरली बसली. इतक्या सहज 'चालेल' म्हणता येतं हिला, याचाही तिला जरा हेवा वाटलाच.