पाचशे डॉलरचं खातं

"बाईसाहेबांची सही इथं. आणि इथं. चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर फॉर्म परत भरावा लागेल."

बँकेच्या कानिटकरांनी बोट ठेवलं तिथे शरदिनीने जपून सही केली. यज्ञेश मुळ्ये भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. एक वाजून दहा मिनिटं. दोनला काउंटर बंद होणार होतं आणि आज एकतीस मार्च होता.

ही त्याची चौथी खेप. पहिल्या खेपेला फोटो दोनच होते, तीन हवे होते. दुसऱ्या खेपेला पासपोर्टच्या फक्त शिक्के मारलेल्या पानांची झेरॉक्स होती. कोऱ्या पानांचीही हवी होती. "कोऱ्या पानांवर काय वाचणार, साहेब?" असं त्याने विचारलं होतं. "कोरी आहेत, हे वाचणार," कानिटकर म्हणाले होते. तिसऱ्या खेपेला कळलं की खातं जोडीने उघडायचं तर बायको समोर हवी. कानिटकर पुण्याहून बनारसला बदली होऊन आलेले. आपल्या भाषेतला माणूस भेटला म्हणून यज्ञेशला पहिल्या दिवशी केवढा आनंद झाला होता.

"मी शुक्रवारी पण आलतो न, तेव्हाच सांगून टाकलं असतं तर," तो आता म्हणाला.

"सांगून टाकलं असतं! गोड आहे हो तुमचं बनारसी मराठी," कानिटकर हसले. "पण यज्ञेशराव, नियम एकदम सांगितले तर माणूस घाबरतो."

मस्कतच्या एका दवाखान्यात सात वर्षं रक्त तपासून यज्ञेश गेल्या उन्हाळ्यात घरी परतला होता. आता तो कबीरचौऱ्यावरच्या एका लॅबमध्ये नोकरी करायचा. रक्त तो काढायचा, तपासायचाही तोच, आणि रिपोर्टवर सही मालकाच्या मेव्हण्याची असायची. साठवलेल्यातले पाचशे डॉलर उरले होते. जुलैमध्ये लेकीचा, ऋताचा, इंजिनिअरिंगचा प्रवेश होता. ते पैसे तिचे, त्यांना हात लावायचा नाही असं नवराबायकोचं ठरलेलं. मग बँकेची जाहिरात दिसली. परदेशातून परतलेल्यांनी एकतीस मार्चपर्यंत किमान पाचशे डॉलरचं खातं उघडलं तर दोन हजार रुपये रोख बक्षीस, त्याच दिवशी हातात. डॉलर डॉलरच राहणार आणि वर दोन हजार.

विश्वेश्वरबाबूंच्या जुन्या यंत्रांच्या दुकानात एक सेंट्रिफ्यूज होता. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून लाल पेशी खाली बसवणारं आणि वर स्वच्छ पिवळा द्रव ठेवणारं ते यंत्र. किंमत बरोबर दोन हजार. मायक्रोस्कोप यज्ञेशने मस्कतहून आणलेला होता. दुर्गाघाटाजवळ स्वतःच्या लॅबसाठी एक खोली ठरली होती. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना उपाशीपोटी रिक्षात बसून कबीरचौऱ्याला जावं लागणार नव्हतं, आणि रिपोर्टवर सही यज्ञेश मुळ्येची असणार होती. मिर्जापूरचं एक गिऱ्हाईक मागे लागलं होतं, तरी विश्वेश्वरबाबूंनी आज संध्याकाळपर्यंत यंत्र राखून ठेवलं होतं.

"आणा नोटा," कानिटकर म्हणाले.

शरदिनीने पिशवीतून पाकीट काढलं. दिवाळीपासून ते देव्हाऱ्याखालच्या डब्यात होतं. लक्ष्मीसमोर ठेवलेलं पाकीट तीच उघडायची, ही घरची रीत. तिने ते काचेवर हलकेच उपडं केलं. आधी दोन अक्षता पडल्या, मग पाच नोटा.

कॅशियर वाकून बघायला लागला आणि खो खो हसला. "अरे साहब, ई लोग तो अंग्रेज को टीका लगा दिए!"

पाचही नोटांवरच्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं. बरोबर मधोमध.

"चेहरा होता, म्हणून कपाळाला लावलं," शरदिनी म्हणाली. "नोटेला नुसतं कुठे लावणार?"

कानिटकरांनी नोट उजेडात धरली. "नाही चालणार हो. डाग, शिक्का, शाई, काहीही असलं की हेड ऑफिस परत पाठवतं."

"डाग पाच मिलिमीटरचा आहे, साहेब. नंबर स्वच्छ आहे. आतला धागा दिसतोय. मशीनमध्ये घालून बघा न."

"मशीन मुंबईला आहे."

"मग मुंबईला पाठवा."

"ते डाग बघून परत पाठवतील. तेच तर सांगतोय." कानिटकरांनी नोटा नीट जुळवून पुढे सरकवल्या. "दुसऱ्या बँकेत रुपये करून मिळतील कदाचित, थोडे कापून. आमचं खातं मात्र यांच्यावर उघडणार नाही. दुसऱ्या नोटा आणा."

"पंचेचाळीस मिनिटांत?"

"ओल्या रुमालाने पुसते मी," शरदिनी पुटपुटली.

यज्ञेशने नकारार्थी मान हलवली. कुंकू म्हणजे हळदच, चुन्याने लाल केलेली. स्पिरिट लावलं तरी लाल पसरेल आणि खाली पिवळं राहील, आहे त्याच्या दुप्पट. काचेवरच्या पेशींना रंग चढवण्यात त्याचा जन्म गेला होता. चढलेला रंग किती उतरतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"काय पण माणसं आहात," कानिटकर हसत म्हणाले. "नोटेला कुणी कुंकू लावतं का?"

आतापर्यंत यज्ञेशलाही नेमकं हेच विचारायचं होतं, आणि तेही ओरडून. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला ते सहन होईना.

"आमच्या घरी लावतात, साहेब," तो म्हणाला. "सात वर्षं मी पाठवलेल्या प्रत्येक पैशाला लावलंय."

शरदिनीने काचेवरच्या अक्षता बोटाने टिपल्या आणि दोघं बाहेर पडले.

रिक्षात ती म्हणाली, "अहो, ओरडा तरी. गप्प बसू नका असे."

"कुणावर ओरडू? कोरी पानं मोजली मी. फोटोंच्या मागे नावं लिहिली. आणि नोटा उघडून नाही बघितल्या. रोज दुसऱ्याचं रक्त दोनदा तपासून बघतो मी, शरदिनी."

"मला वाटलं होतं, शुभ होईल."

"हो."

विश्वेश्वरबाबू दुकानाच्या दारातच बसले होते. "का मुळेजी, पइसा लाए?"

"नहीं बाबू. मिर्जापुरवाले को दे दीजिए."

विश्वेश्वरबाबूंनी एकदा त्याच्याकडे, एकदा शरदिनीकडे पाहिलं. "भाभीजी पहिली बार आई हैं. एक दफे चला के दिखा तो दीजिए."

यज्ञेश नको म्हणणार होता, पण हात आधीच पुढे गेले होते. त्याने दोन नळ्या धुतल्या, नळाचं पाणी भरलं, डोळ्यांसमोर धरून दोन्हींची पातळी केसाचाही फरक न ठेवता सारखी केली आणि समोरासमोरच्या खाचांत बसवल्या. झाकण मोडकं होतं, आतलं चाक उघडंच होतं. खटका दाबला तसं यंत्र आधी घरघरलं आणि मग एका सुरात गुणगुणायला लागलं. शरदिनी पदराचं टोक हातात धरून बघत राहिली. टेबल जरासुद्धा थरथरत नव्हतं.

"इतकाच आवाज?" तिने विचारलं.

"एवढाच असतो. वजन बरोबर असलं की."

दोन मिनिटांनी त्याने खटका बंद केला. चाक मंदावायला लागलं. दुपारच्या जेवणासाठी दुकान बंद करायची वेळ झाली होती. विश्वेश्वरबाबूंनी ते थांबवायला तळहात पुढे केला. यज्ञेशने त्यांचं मनगट धरलं.

"हाथ मत लगाइए, बाबू. नीचे जो बैठा है, हिल जाएगा."

नळ्यांत नुसतं नळाचं पाणी होतं. तरीही चाक आपणहून थांबेपर्यंत तिघं तसेच उभे राहिले.