गाढव कुणाच्या टेबलावर

गाढव अजून चष्म्याच्याच टेबलावर होतं.

सर्व्हर रूमची किल्ली कायम गळ्यात असायची म्हणून खोलीत जिला किल्लीच म्हणायचे, तिने ते दारातूनच पाहिलं. मग न पाहिल्यासारखं करून ती आपल्या जागेवर गेली, पर्स खुर्चीला अडकवली, आणि पुन्हा पाहिलं. वीतभर उंचीचं, एक कान तुटलेलं लाकडी गाढव. तोंड नियमाप्रमाणे बसणाऱ्याकडे.

रक्त तपासणाऱ्या लॅबच्या या कॉम्प्युटर-खोलीचा रिवाज असा होता की ज्याच्या हातून सिस्टिम बसेल, त्याच्या टेबलावर ते गाढव जायचं आणि पुढचा कुणी माती खाईपर्यंत तिथेच मुक्काम करायचं. आणणाऱ्यांनी टेबलं बडवत मिरवत आणायचं, घेणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. चष्म्याने मध्यंतरी धूळ पुसता पुसता चालू मशीनची वायर उपटली होती आणि सगळ्या लॅबचे प्रिंटर मुके झाले होते. तेव्हापासून गाढव त्याच्याकडे होतं. त्याने गाढवाच्या पाठीवर आपला चष्मा पुसायचा फडका घातला होता. झूल म्हणून.

परवा किल्लीच्या हातून जे झालं, त्यापुढे प्रिंटर म्हणजे काहीच नव्हतं. पण टेबलं बडवायला कुणी उठलं नव्हतं.

"रेडिओ," ती शेजारणीला म्हणाली, "गाढवाचा मुक्काम हलला नाही वाटतं अजून?"

रेडिओ म्हणजे दिवसभर सगळ्या मजल्यांच्या बातम्या देणारी बाई. तिच्याकडे आज बातमी नव्हती. तिने स्क्रीनवर उगाचच काहीतरी खाली-वर केलं.

"असू दे गं," ती म्हणाली. "चहा घेतलास?"

किल्लीला तेव्हा कळलं, की आपण चेष्टेच्या पलीकडे गेलो.

*

खुलासा. पहिला मसुदा.

मी टेस्ट सिस्टिम साफ करत होते. दर महिन्याला करते. मी जी साफ केली ती टेस्ट नव्हती.

(खोडलं.)

*

टेस्ट म्हणजे खोटी सिस्टिम. खोटे रुग्ण, खोटं रक्त, खोटे आजार. नवीन काही करायचं तर आधी तिथे करून पाहायचं, आणि महिनाअखेर सगळा पसारा पुसून टाकायचा. लाइव्ह म्हणजे खरी. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. म्हणून किल्लीनेच फार पूर्वी एक युक्ती काढली होती: खऱ्या सिस्टिमची विंडो लाल, खोटीची पांढरी. लाल दिसलं की हात आपोआप मागे यायचा. नाव वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचंच, पण ते कोण वाचतं? घराच्या दारावरची आपल्याच नावाची पाटी कुणी वाचतं का?

परवा विंडो पांढरी होती. तिने पुसायचा हुकूम टाइप केला, 'नक्की?' असं विचारल्यावर 'हो' म्हणाली, आणि डबा उघडला.

खऱ्या सिस्टिमची दुसऱ्या खोलीतली जोडप्रत इमानी होती. इकडे पुसलं की तिकडेही पुसायचं, हेच तिला शिकवलेलं. तिने ते केलं. रोजचा बॅकअप जुन्या डिस्कवर उतरायचा, ती डिस्क भरून कधीची थांबली होती, आणि नव्या डिस्कची मागणी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. ज्यांचे रिपोर्ट छापून गेले ते वाचले. ज्यांच्यावर डॉक्टरांची शेवटची सही व्हायची होती, ते सगळे गेले. आणि नमुने? मशीनमधून निघालेलं रक्त आठवडाभर ठेवतात. मग नष्ट करतात. तसा नियमच आहे.

*

गाढव हललं नाही त्या दिवशी सगळ्या खोलीला फोन करायला बसवलं होतं. प्रत्येकापुढे यादी आणि वाचायचा मजकूर: तांत्रिक बिघाडामुळे आपला रिपोर्ट उपलब्ध होऊ शकत नाही. कृपया नमुना देण्यासाठी पुन्हा यावे. शुल्क आकारले जाणार नाही.

लोक चिडत होते, ते सोपं होतं. एकाने किल्लीच्या खानदानाचा उद्धार केला, तिला बरं वाटलं.

मग एका बाईंनी फोन उचलला.

"लॅबमधून बोलतेय. तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टबद्दल..."

"आला का?" पलीकडे कुणाला तरी त्या म्हणाल्या, "अरे, टीव्ही बारीक कर. लॅबचा फोन आहे."

किल्लीने मजकूर वाचला. शेवटपर्यंत.

"परत रक्त द्यायचं म्हणता?"

"हो. सकाळी उपाशीपोटी घेऊन या त्यांना."

"ते नाहीत आता," बाई म्हणाल्या. "रक्त दिलं आणि आठवड्याच्या आत गेले."

किल्लीचं बोट मजकुराखाली होतं. पुढे ओळ नव्हती.

"त्या रिपोर्टवरच सगळं अडलंय हो आमचं. डॉक्टर म्हणाले होते, घराण्यातून आलेलं दुखणं आहे का ते त्यात कळेल, मग थोरल्याचं काय करायचं ते बघू. थोरल्यालाही जिना चढताना तसाच दम लागायला लागलाय." मग बाईंनी विचारलं, "मशीन बिघडलं म्हणालात ना?"

"हो."

"मग काय बोलायचं. माणूस असता तर हातापाया तरी पडले असते. मशीनपुढे काय..." आणि मग, आवाज एकदम मऊ करून, "तुम्ही कशाला रडताय बाई? तुमच्याकडे फक्त फोन करायचं काम आहे."

*

संध्याकाळी नवऱ्याने तिला वाढून दिलं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून त्याचा उजवा पाय घरातही अधूनमधून नसलेला ब्रेक दाबायचा.

"तुझ्या हातून होणारच नाही," तो म्हणाला.

"झालंय."

"तू गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी बाई. कुणीतरी काहीतरी केलं असणार आधी. नीट शोध."

"आणि शोधून?"

"शोधून काय म्हणजे? घराचे हप्ते काय तुझे साहेब भरणार आहेत?" त्याचा पाय टेबलाखाली दाबला गेला. "माझ्या गाडीत धडक झाली तर शिकाऊ म्हणतो मास्तरांनी सांगितलं, मी म्हणतो याने ऐकलं नाही. जो आधी बोलतो त्याचं खरं धरतात."

ती भात चिवडत राहिली. पण विंडो पांढरी का होती, हा प्रश्न तिच्या ताटात येऊन बसला तो उठेना.

*

उत्तर सकाळी पाच मिनिटांत सापडलं. रंगांची सेटिंग सगळ्यांना मिळून एकच होती, आणि कुणी केव्हा बदल केला ते सिस्टिम मुकाट्याने टिपून ठेवायची. लाल रंग कुणीतरी पुसण्याच्या आदल्याच दिवशी काढून टाकला होता. बदल करणाऱ्याच्या जागी चष्म्याचं नाव.

किल्ली उभीच राहिली. संताप असा चढला की गळ्यातली सर्व्हर रूमची किल्ली मुठीत रुतली. आता बघते याच्याकडे.

आणि मग तिला ती दुपार आठवली.

ती डिस्कवाल्याशी फोनवर भांडत होती. चष्म्याचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पार्टिशनवरून त्याचं डोकं वर आलं, गालावर औषधाचे थेंब ओघळलेले.

"ताई, तो लाल रंग डोळ्यात घुसतो हो. थोडे दिवस काढू का?"

तिने रिसीव्हरवर हात ठेवला होता. त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

"काढ बाबा, काढ," ती म्हणाली होती, आणि वर, "डोळ्यात घुसतोय म्हणे. लाडोबा."

तो हसला होता. मग डोकं पार्टिशनखाली गेलं होतं.

*

खुलासा. दुसरा मसुदा.

विंडोचा रंग बदललेला होता. नवीन डिस्कची मागणी प्रलंबित होती. मी नाव वाचायला हवं होतं.

*

साहेबांनी दुसरा मसुदा पेन हातात घेऊन वाचला.

"हा डिस्कचा विषय कशाला इथे?"

"बॅकअप त्यामुळेच थांबला होता, साहेब."

"ते वेगळं प्रकरण आहे. इथे घोळ नको." त्यांनी ती ओळ शांतपणे खोडली. मग त्यांचं पेन वर सरकलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं. "हे मात्र महत्त्वाचं आहे. रंग बदलला कुणी?"

किल्ली मसुद्यातली खोडलेली ओळ बघत राहिली. साहेबांनी आपल्या स्क्रीनवर बदलांची नोंद उघडली, नाव वाचलं आणि काचेच्या दारातून बाहेर हात केला. चष्म्या आत आला. त्याला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"रंगाची सेटिंग तू बदललीस?"

"हो साहेब. मीच." तो लपवत नव्हता. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतच नव्हतं. "म्हणजे तेव्हा डोळ्याचं..."

"कुणाला विचारून?"

चष्म्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. चष्म्याशिवाय त्याला समोरच्याचं तोंड ओळखू यायचं नाही, हे सगळ्या खोलीला माहीत होतं.

"ताईंना," तो म्हणाला.

साहेबांनी मान वळवली. "काय हो?"

गॅस, तीनदा. थोरला, जिना चढताना. हप्ते. लाडोबा. किल्लीने गळ्यातल्या दोरीचा पीळ सोडवायला घेतला. दोरीला पीळ नव्हता.

"मी फोनवर होते तेव्हा," ती म्हणाली.

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"म्हणजे तुम्ही हो म्हणाला नव्हता," साहेब म्हणाले. त्यांनी ते विचारलं नव्हतं, म्हणून तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

चष्म्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. आता त्याला तिचं तोंड दिसलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि बोलू नये म्हणूनही.

"असेल साहेब," तो म्हणाला. "फोनवर होत्या, हे खरंय."

"कंत्राट कधीपर्यंत आहे तुझं?"

*

खुलासा. अंतिम.

कंत्राटी कर्मचाऱ्याने विनापरवानगी केलेल्या बदलामुळे सदर घटना घडली. यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल.

(सही. किल्लीची. साहेबांनी आपलं पेन दिलं.)

*

चष्म्या महिनाअखेरपर्यंत येत राहिला. 'ताई'च म्हणत राहिला. एकदा किल्लीने त्याला मधल्या सुट्टीत जिन्यात गाठलं.

"माझ्या ओळखीत एक-दोन ठिकाणं आहेत. शब्द टाकते."

"काय म्हणून टाकाल?" त्याने विचारलं. खवचटपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "म्हणजे, कामाला कसा आहे म्हणून सांगाल?"

"चांगला आहेस, हेच सांगणार ना."

"मग इथून का गेला, असं विचारतील की."

तो दोन पायऱ्या उतरला आणि वळला.

"त्या बाईंचा फोन आला होता, ताई. ज्यांचे मिस्टर गेलेत, त्यांचा. तुम्ही जागेवर नव्हता. विचारत होत्या, मशीन दुरुस्त झालं का."

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, चालू आहे." तो खाली गेला.

*

पहिल्या तारखेला किल्ली आली तेव्हा चष्म्याचं टेबल रिकामं होतं. पुसून लख्ख केलेलं. त्या टेबलाकडे बघत बघतच ती आपल्या खुर्चीशी पोहोचली, म्हणून तिला आधी दिसलं नाही.

तिच्या की-बोर्डच्या बाजूला गाढव उभं होतं. फडक्याची झूल काढलेली. तोंड तिच्याकडे.

"मी नाही हं ठेवलं," रेडिओ घाईने म्हणाली. "सकाळी येऊन कार्ड परत करून गेला तो. मी म्हटलं, थांब, चहा तरी घे. नाही थांबला." मग जरा पुढे वाकून, "पण तुझ्याकडे कसं गं? शेवटी त्याचीच चूक निघाली ना?"

किल्लीने संगणक चालू केला. विंडो उघडली. लाल. जाण्याआधी त्याने रंग पूर्ववत करून ठेवला होता. स्क्रीनचा लाल उजेड गाढवाच्या तुटक्या कानावर पडला. वरच्या कोपऱ्यातलं नाव तिने वाचलं. मग परत वाचलं.

"रेडिओ," ती म्हणाली, "सगळ्यांना चहा सांग. माझ्याकडून."

रेडिओ उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. खोलीतली टाइप करायची खटखट एकेक करत बंद झाली.

"कशाबद्दल?" रेडिओने विचारलं.

किल्लीने रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. त्या बाईंचा नंबर अजून दाबायचा होता.